वर्लीनचा हर्शेल

वर्लीन टॅकेट मला पहिल्यांदा दिसली ती अमेरिकेतल्या टोलेडो शहरात, एका बंद पडलेल्या किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये, जुन्या ब्यूक गाडीत. शेजारच्या सीटवर तिचा नवरा बसला होता. निदान मला तरी तसंच वाटलं. गडी चांगला आडव्या अंगाचा, खाकी ओव्हरकोट घातलेला, डोक्यावर टोपी, सीटबेल्ट व्यवस्थित लावलेला.

मी तेव्हा लिंडन स्ट्रीटवरच्या घरात राहत होते. सैन्यातून बाहेर पडल्यावर ज्यांच्या डोक्यावर छप्पर उरलं नाही अशा बायकांचं ते घर. तिथे दोन वर्षांपर्यंत राहता येतं. तेवढ्यात नोकरी शोधायची, दात दुरुस्त करून घ्यायचे, कोर्टात काही लटकलेलं असेल तर निस्तरायचं आणि आपापल्या जागेत निघून जायचं. मी लष्कराचे ट्रक चालवलेले, त्यामुळे घराच्या व्हॅनची किल्ली आपसूक माझ्याकडे आली. दर गुरुवारी मी व्हॅन घेऊन गाड्यांमध्ये राहणाऱ्यांना सूप वाटत फिरायचे.

वर्लीनने एकच वाटी घेतली. नवऱ्याला नको का, असं विचारलं तर म्हणाली, त्याला भूक नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. बाई पातळ स्वेटरवर कुडकुडतेय आणि हा कोट घालून समोर बघत ढिम्म बसलेला. मला राहवलं नाही. मी पलीकडून जाऊन काच ठोठावली आणि त्याला चांगलं सुनावलं. म्हटलं, बायको काकडतेय आणि तुम्ही जावईबापूंसारखे बसलात, जरा लाज धरा. तो मख्ख. मी दार उघडून कोटाची बाही ओढली. बाहीत हातच नव्हता. टोपी घरंगळली आणि खालून ट्युबाचं पितळी तोंड चमकलं. लग्नाच्या बँडमध्ये जे सगळ्यात अगडबंब वाद्य असतं, जे वाजवणारा अर्धा त्याच्या मागेच झाकला जातो, ते हे.

वर्लीन इतकी हसली की सूप मांडीवर सांडलं. मग तिने सांगितलं की गाडीत एकटी बाई झोपलेली दिसली की लोक काचेवर टकटक करतात. शेजारी गडी दिसला की कोणी फिरकत नाही. ट्युबाचं नाव हर्शेल.

मी तिला विचारलं, सैन्यात होतीस का. ती नाही म्हणाली. मी निघालेच होते, पण कोट लष्करी दिसत होता म्हणून पुन्हा विचारलं, हा कुणाचा? म्हणाली, माझाच.

"म्हणजे सैन्यात होतीस की."

"सैन्यात नाही गं, बँडमध्ये होते."

"कुठल्या बँडमध्ये?"

"सैन्याच्या."

मी व्हॅनच्या पायरीवर बसले. बूट घालायचीस? हो. भल्या पहाटे कवायत? हो. बंदूक? ती म्हणाली, दिली होती, पण एकदा ट्युबा उचलला की हात उरत नाहीत. तिच्या मते सैनिक म्हणजे लढलेला माणूस, आणि आपण तर नुसतं फुंकत होतो. दवाखान्यात, धर्मशाळेत, सरकारी खिडकीवर, जिथे जिथे हा प्रश्न आला तिथे तिने इमानदारीत नाही सांगितलं होतं आणि मदतीच्या प्रत्येक रांगेतून बाहेर पडली होती.

मी परतून इमोजीन प्रूइटला सांगितलं. इमोजीन म्हणजे आमच्या घराची कारभारीण. अर्धी हयात नौदलात काढलेली बाई. बेसिनमध्ये न विसळलेला चमचा दिसला तर जहाज बुडाल्यासारखा चेहरा करायची. मी म्हटलं, एक बाई सापडलीय, सोबत हर्शेल आहे. ती लगेच म्हणाली, पुरुषांना इथे प्रवेश नाही. मी म्हटलं, तो पितळेचा आहे. त्यावर तिने मला वास घेऊन पाहिलं, मी पुन्हा प्यायले की काय म्हणून.

वर्लीन आली. तिची नोकरी खरी असल्याचं लष्कराकडून कळायला फार वेळ लागला नाही. माजी सैनिकाचं ओळखपत्र हातात पडलं तेव्हा तिने इमोजीनला दोनदा विचारलं, दुसऱ्या कुणाचं तर चुकून माझ्याकडे आलं नाही ना. मग ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि जेवताना मधूनमधून खिसा चाचपत राहिली.

आता प्रश्न हर्शेलचा. तो माझ्या आणि तिच्या खोलीत, दोन पलंगांच्या मध्ये राहायचा. माझा एक बूट आठवडाभर सापडेना, शेवटी तो त्याच्या पोटात निघाला. आणि त्याला रोज फुंकावं लागतं, नाहीतर ओठ विसरतात, असं वर्लीनचं म्हणणं. इमोजीनने तळघरातल्या धुलाईखोलीत दुपारची वेळ नेमून दिली. हर्शेलच्या तोंडात दोन उशा कोंबायच्या आणि वाळवणयंत्र सुरू ठेवायचं, अशा अटी. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी पोलीस आला. पोरगेलासा, लाजाळू. शेजाऱ्यांची तक्रार होती की या घरात कोणीतरी गाय ठेवली आहे आणि ती आजारी आहे.

इमोजीन कधी खोटं बोलत नाही. ती म्हणाली, गाय नाही, या घरात फक्त माजी सैनिक आहेत. तेवढ्यात खालून एक लांबलचक हंबरडा आला. पोलिसाने टोपी काढली आणि हलक्या आवाजात विचारलं, "कुणाला फार त्रास होतोय का, मॅडम?"

त्यानंतर वर्लीन नदीकाठी, धान्याच्या कोठारांच्या मागे जाऊन वाजवू लागली. एका मालवाहू जहाजाने तिला भोंगा वाजवून उत्तर दिलं. ते ऐकून ती इतकी खूश झाली की दोन दिवस त्याच गप्पा.

भाड्याचा मोठा वाटा सरकारने भरण्याचं मंजूर झालं आणि आम्ही जागा बघू लागलो. इथे वर्लीनची इमानदारी पुन्हा आडवी आली. प्रत्येक जागेत ती हर्शेलला घेऊन जायची आणि मालकासमोर एक सूर फुंकून दाखवायची. मागाहून भांडण नको, म्हणायची. पहिल्या घरात मालकाचं कुत्रं सोफ्याखाली शिरलं, आम्ही निघालो तरी बाहेर आलं नाही. दुसरीकडे भिंतीवरची सासूबाईंची तसबीर पडली. मालक खूश झाला, पण मालकीण नाही. तिसऱ्या जागी मीच डोकं चालवून हर्शेलवर चादर टाकली आणि हा पाणी तापवायचा बंब आहे असं ठोकून दिलं. मालक म्हणाला, वा, आमचा बिघडलाच आहे, आणि नळाची तोटी शोधायला लागला.

त्या संध्याकाळी इमोजीनने तिला समोर बसवलं. शांतपणे म्हणाली की जागा हवी असेल तर ट्युबा विकावा लागेल. आम्ही सगळ्या पुढ्यातल्या मॅकरोनीत काटे फिरवत बसलो. वर्लीनने काटा खाली ठेवला.

"मॅडम, घर गेलं, नोकरी गेली, भाचीने दार लावून घेतलं. मी फुंकर घातली तर उत्तर देणारा हा एकच राहिलाय. विकायचा असता तर गाडीत राहायला जायच्या आधीच विकला असता."

इमोजीन उठली, तिच्या ताटात आणखी मॅकरोनी वाढली आणि तो विषय तिथेच संपला. दुसऱ्या सकाळपासून ती स्वतःच फोन लावायला लागली. घरमालकांना आता ती आधीच सांगायची, ट्युबासकट बाई आहे, जमत असेल तर बोला. बहुतेक जण फोन ठेवायचे. एकीने ठेवला नाही. उलट तिनेच विचारलं, बाई रिकामी आहे का शुक्रवारी?

ही हालिना वोयताला. लॅग्रेंज स्ट्रीटवरच्या पोलिश मंडळाच्या हॉलची सर्वेसर्वा. वरच्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा तिची. पोल्का म्हणजे गिरक्या घेत नाचायचा जोडीनाच, त्याला साथ करणाऱ्या तिच्या बँडचा ट्युबावाला एका विधवेबरोबर फ्लोरिडाला पळून गेला होता आणि तेव्हापासून नाच म्हणजे पंक्चर झालेल्या चाकासारखा, असं ती म्हणाली. वर्लीनने नेहमीप्रमाणे खरं सांगितलं की मला पोल्का येत नाही, लष्करी संचलनाच्याच चाली येतात. हालिनाने हात झटकला. "त्यातही पाय दोनच लागतात, यातही दोनच. ये तू."

शुक्रवारी आम्ही सगळ्या गेलो. हॉलमध्ये म्हातारी जोडपी, पिएरोगींचा म्हणजे बटाटा भरलेल्या पोलिश करंज्यांचा वास, अकॉर्डियनवाला घामाघूम. वर्लीनने हर्शेल मांडीवर घेतला, आणि पहिल्या गाण्याला सगळं ठीक चाललं होतं. दुसऱ्या गाण्यात तिचे डोळे मिटले. ओठ जुन्या वाटेने निघाले. ढोलवाला ऐंशीच्या पुढचा, कधीकाळी तोही लष्करात होता. त्याने बिनबोभाट ताल बदलला. गिरक्या घेणारी जोडपी हळूहळू सरळ झाली. हात खाली आले, हनुवट्या वर गेल्या. बघता बघता दोघादोघांची रांग लागली आणि हॉलला वळसा घालून थेट दाराबाहेर पडली. पुढचे थांबेनात, म्हणून मागचे चालत राहिले. पार्किंगमधल्या गाड्यांभोवती एक फेरी मारून अख्खं मंडळ स्वयंपाकघराच्या दाराने परत आत आलं, तेव्हा तिथे पिएरोगी तळणाऱ्या दोघी बायका झारे खांद्याला लावून रांगेत शिरल्या. इमोजीन सगळ्यांच्या पुढे होती. डावा-उजवा तीच म्हणत होती, हे तिने नंतर साफ नाकारलं.

चाल संपली. वर्लीनने डोळे उघडले, लाल झाली आणि माफी मागायला लागली. हालिना धापा टाकत खुर्चीत बसली.

"या हॉलमधून आजवर लोक पिऊन गेले, भांडून गेले, पळूनसुद्धा गेले. शिस्तीत परत आलेले आज पहिल्यांदा बघितले. सामान कधी आणतेस?"

सामान असं नव्हतंच. एक सुटकेस, कोट, आणि हर्शेल. पहिले काही दिवस ती जमिनीवरच झोपली, दार आतून लावून, खुर्ची टेकवून. पाय लांब केले तरी काही आडवं येत नाही याचीच सवय होईना, असं तिने मला सांगितलं. मग एक दिवस जाऊन तिने दुकानातला सगळ्यात मोठा पलंग घेतला. तो जिन्यात अडकला. दोरखंड बांधून खिडकीतून चढवताना अकॉर्डियनवाला खालून सूचना देत होता आणि ढोलवाला त्या सूचना ऐकू नका म्हणून ओरडत होता. गादी वर पोहोचली, पलंगाचा एक पाय हालिनाच्या गुलाबांत पडला.

वर्लीन त्या पलंगावर मधोमध आडवी झाली, बुटांसकट. मी म्हटलं, अगं, चादर तरी घाल. ती म्हणाली, थांब जरा, आधी या कडेपासून त्या कडेपर्यंत लोळून बघते. खालून हालिना हाका मारत होती की मोडलेल्या गुलाबांचं काय करायचं ते खाली येऊन बघा, आणि कॉफी गार होतेय.