पावसात चालू ठेवलेला पंप

आनंद नगरच्या पुढे, रायसेन रोडपासून थोडं आत आमची शेतजमीन आहे. ती ज्याने मला विकली त्याला मी अजून माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

त्याने जमीन दाखवायला बोलावलं ते पावसाळा सरता सरता. विहीर काठोकाठ भरलेली. त्याने बादली शेंदली, आधी स्वतः ओंजळभर पाणी प्यायला, मग मला पाजलं. पाणी गोड होतं. मी व्यवहार केला. उन्हं तापायला लागली तशी विहीर खाली गेली आणि तेच पाणी तोंडात धरवेना. त्यात चहा केला तर दूध फाटायचं. वर पावसाचं पाणी तरंगत होतं, खाली मीठ बसलं होतं, आणि हे त्याला ठाऊक होतं.

पिपलानीत हातगाडीवर केळी विकण्यापासून मी फळांचं दुकान उभं केलं. नवरा कारखान्याच्या नोकरीत. त्याने ना दुकानात लक्ष घातलं ना शेतात. मंडीत मी पेटीतलं तळाचं फळ वर काढल्याशिवाय भाव बोलत नाही. आडत्याशी माझं भांडण झालं नाही असा दिवस उगवत नाही. अशा बाईला एका ओंजळीत फसवलं, हे मला अजून झोंबतं.

पहिल्या वर्षी खरबूज लावले. वेलींच्या पानांच्या कडा इस्त्रीने भाजल्यासारख्या झाल्या आणि फळ धरायच्या आत सगळं वाळलं. त्या माणसाचं शेत आमच्या बांधाला लागूनच आहे. तो बांधावर उभा राहून गोड आवाजात म्हणायचा, "भाभीजी, क्यों परेशान होती हो? वापस दे दो, आधे में ले लूँगा."

दुकानाच्या कमाईतून दुसरा हंगाम बुडवणं मला झेपणार नव्हतं. घरात ठरलं, यंदा खरबूज आले नाहीत तर जमीन त्यालाच परत द्यायची. आधे में.

तेव्हा सासूबाईंनी शेत हातात घेतलं. घेतलं म्हणजे काय, मला विचारलंच नाही. त्या मूळच्या नागपूरकडच्या. लहानपणी मामाच्या डांगरवाडीत, म्हणजे नदीच्या वाळूतल्या खरबुजांच्या मळ्यात, त्या राबलेल्या. पण ते नदीचं गोड पाणी. खाऱ्या पाण्याचा अनुभव त्यांनाही नव्हता. त्यांनी तो जिभेने घेतला.

मी ठिबकच्या नळ्या टाकून घेतल्या होत्या. सासूबाई ओळीत उकिडव्या बसायच्या, नळीच्या छिद्राखालची माती चिमटीत घेऊन जिभेवर ठेवायच्या, मग वीतभर सरकून तिथली, मग ओल संपते तिथली. तिथे मातीवर मिठाची पांढरी साय धरलेली असायची. ती चाखली की तोंड वाकडं करून थुंकायच्या.

"आई, लोक बघतात," मी म्हणायचे.

"पाहू दे. तू बाजारात फळ चाखतेस तेव्हा मी बोलते का?"

त्यांचा निष्कर्ष सरळ होता. पाणी मिठाला पुढे ढकलत नेतं आणि ओलीच्या कडेला टाकतं. म्हणजे वेल छिद्राजवळ हवा आणि माती कधी सुकू द्यायची नाही. सुकली की मीठ परत फिरतं. रोपं त्यांनी घरच्या गच्चीत, कागदी चहाच्या कपांत, नळाच्या पाण्यावर वाढवली. "लेकराला पहिल्याच घासाला लोणचं देत नाहीत," म्हणाल्या. रोपांनी चांगली पानं धरली तेव्हा कुठे ती शेतात नेली. पाणी रोज, थोडं थोडं. वेली पसरल्या, फुलल्या, लिंबाएवढी फळं धरली. मी रोज दुकान उघडण्याआधी जाऊन बघायचे आणि तोंडाने काही बोलायचे नाही, दृष्ट लागेल म्हणून.

आणि मार्चमध्ये आभाळ आलं. जोराचा पाऊस नव्हे, नुसती भुरभुर. पण थांबेना. आजूबाजूच्या सगळ्यांनी पंप बंद केले. देवाने फुकट गोड पाणी दिल्यावर विहिरीचं खारं कोण देईल? मी छत्री घेऊन शेतावर पोचले तर आमचा पंप चालू. सासूबाई डोक्यावर खताचं रिकामं पोतं घेऊन मोटरच्या झोपडीच्या दारात बसलेल्या.

"आई, बंद करा तो! पाऊस पडतोय आणि तुम्ही मिठाचं पाणी पाजताय?"

"काहून ओरडून राहिली? ये, बस."

मी बसले नाही. उभ्यानेच बरंच बोलले. बांधापलीकडून तो माणूसही हसत होता. "अम्मा, बारिश में सिंचाई? सठिया गई हो क्या?"

सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला म्हणाल्या, "ती पांढरी साय दिसून राहिली ना? हा पाऊस तिला फक्त विरघळवेल. वाहून न्यायचा दम नाही त्याच्यात. मग ते पाणी जाईल कुठं? मुळात. कैरीच्या फोडीला मीठ लावल्यावर काय होते? पाणी सुटते, फोड सुकते. तसंच. आपलं पाणी खारं आहे, पण त्या सायीएवढं नाही. ते आतून ढकलत राहिलं तर मीठ आत येणार नाही."

राग होता, तो मी छत्री आपटून काढला. पण बटणाला हात लावला नाही. पाऊस होता तोवर पंप चालला.

ऊन पडलं आणि फरक दिसायला लागला. त्या माणसाने यंदा आमचं बघून खरबूजच लावले होते, तसल्याच खाऱ्या पाण्यावर. त्याच्या पानांच्या कडा भाजल्या, वेली माना टाकायला लागल्या. आमच्या वेली ताठ होत्या. मी बांधावरून ते बघत उभी राहिले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

तो आला. जमिनीचा विषय काढला नाही. "अम्मा, आपने पंप क्यों चलाया था?"

मी मध्ये पडले. "आई, सांगायचं नाही. याने आपल्याला सांगितलं होतं का?"

"त्यानं नाही सांगितलं," सासूबाई उठत म्हणाल्या, "पण वेली त्याच्या घरच्या नाहीत, मातीच्या आहेत." आणि आपल्या मोडक्या हिंदीत त्यांनी त्याला सगळं समजावलं. आता तरी पंप चालू कर, रोज चालू ठेव, मीठ पुन्हा कडेला जाईल. इतकंच नव्हे, त्याच्या शेतात जाऊन चार ठिकाणची माती चाखून आल्या. मी त्या संध्याकाळी त्यांच्याशी बोलले नाही. पण इतक्या वर्षांच्या धंद्यात असं मोठं मन मी एकाचंही पाहिलेलं नाही. माझं तर नाहीच.

आमचे खरबूज आकाराने लहान निघाले, पण गोडीला असे की कारखान्याच्या टाउनशिपमधल्या बायका दुकानासमोर वाट बघत उभ्या राहायच्या. मिठाने फळ लहान राहतं आणि साखर दाटते, असं सासूबाईंचं म्हणणं. जमीन आमच्याकडेच राहिली.

त्या माणसाचंही निम्मं पीक वाचलं. तो आता सकाळी आपला माल माझ्याच दुकानात आणतो. सासूबाई म्हणतात, घे बाई, गरजू आहे. मी घेते. पण भाव ठरवताना प्रत्येक पेटीतलं तळाचं फळ वर काढते, कापते, चाखते, आणि एक पैसाही जास्त देत नाही.