आत्याबाईंची सात ताटं

आत्याबाईंनी लग्नात दिलेली स्टीलची सात ताटं आमच्या घरी पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा वापरात आली, ती टर्बाइनमध्ये.

माझे यजमान माधव शाळेत भौतिकशास्त्र शिकवतात. सुट्टीत त्यांनी बिनपात्यांचं टर्बाइन करायला घेतलं. एका दांड्यावर सपाट तबकड्या, मधे बारीक फटी. कडेनं पाण्याचा झोत सोडला की पाणी तबकड्यांना चिकटून त्यांना फिरवतं आणि मधल्या भोकांतून निघून जातं.

"तबकड्या कुठनं आणू?"

मी भांड्यांची वही उघडली. (माझ्याकडे भांड्यांची वही आहे. हसू नका.) "पोटमाळा, डबा चार. ताटं सात. वापर शून्य. न्या!"

लेथवाल्यानं कडा कापल्या, भोकं पाडली. माधवनी तबकड्या बादलीत बसवल्या, वर पारदर्शक झाकण लावलं, परसातल्या नळाला पाइप जोडला. फिरलं! मी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मग कुंभकोणमहून आत्याबाईंचा फोन. "सुधा, रविवारी येते गे. माझ्या ताटातच वाढ हं!"

आमच्याकडे आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. मी वहीत आकडा लिहिला होता, नाव नव्हतं; ताटं कुणाची ते विसरूनच गेले होते! आणि आत्याबाई म्हणजे माधवच्या घरातलं उरलेलं एकच वडीलधारं माणूस. रुसल्या की दोन दिवाळ्या अबोला.

रविवारी मी केळीची पानं मांडली.

"ताटं कोठे गे?"

"वापरात आहेत, आत्या." (एक अक्षर खोटं नाही!)

"रोज?"

"रोज."

आत्याबाई खूश. त्या खुशीतच हात धुवायला परसात गेल्या आणि मी पोचायच्या आत त्यांनी नळ सोडला.

घर्रर्र! झाकण उडालं, पदर भिजला. माधवनी धावत जाऊन नळ बंद केला. तबकड्या हळूहळू थांबल्या. सगळ्यात वर कोरलेलं नाव, मधली अक्षरं भोकात गेलेली.

आत्याबाईंनी चष्मा पुसला. "माधवा, ही मीच ना रे?"

"अर्धी, आत्या." (शिक्षक माणूस. अचूक बोलतात.)

त्या पानावर जेवल्या. बोलल्या नाहीत.

पोंगलला मात्र आपणहून आल्या, पिशवीत स्वतःचं ताट घेऊन! वाढताना पाहिलं तर त्यावर माझं नाव. त्यांच्या सत्तरीला मीच दिलेलं. एक ओरखडा नाही.

"किती जपलंय, आत्या!"

"आजच काढलं गे. तू भोकं पाडायच्या आत एकदा जेवून घ्यावं म्हटलं."

मी आणखी तूप वाढलं.