केबलच्या पट्टीवर बाबांचं नाव

हे लिहावं की नाही यात बरेच दिवस गेले. मी या गूढ अनुभवांच्या सदराचा जुना वाचक... पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून वाचणारा. वाचायचं, हसायचं, पान उलटायचं. आमच्या घरात असल्या विषयाला जागाच नव्हती. आजोबांनी छप्पन साली इथे नागपुरातच दीक्षा घेतली. बाबांनी बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून बैठकीत लावल्या, त्या अजून आहेत. लहानपणी मी कुणाकडून चकव्याची गोष्ट ऐकून आलो की बाबा एवढंच विचारायचे, "कोणी पाह्यला? नाव सांग त्याचं." नाव कधीच नसायचं. विषय तिथेच संपायचा.

मी स्वतः हिंगण्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. माप घेतल्याशिवाय कुठलाच पार्ट पास करत नाही. तेव्हा पुढचं सगळं त्याच सवयीने सांगतो... जे पाहिलं तेवढंच.

मला एक छंद आहे. हरवलेले जुने कार्यक्रम शोधायचे. ऐकायला विचित्र वाटेल, पण अशी माणसं बरीच आहेत. आमचा फोनवर एक ग्रुपच आहे. कुणी एखाद्या मूकपटाची रिळं शोधतोय, कुणी लहानपणी एकदाच लागलेली जाहिरात, तर एक पुण्याचा मुलगा कधी बाजारातच न आलेल्या एका व्हिडिओ गेमच्या मागे हात धुवून लागलाय. मी शोधत होतो 'पाटी-पेन्सिल'. हे नाव तुम्ही ऐकलेलं असणं शक्य नाही, कारण तो कार्यक्रम फक्त आमच्या हुडकेश्वरच्या काही गल्ल्यांत दिसायचा. आमचा केबलवाला बंडूभाऊ तेव्हा स्वतःचं चॅनल चालवायचा. दुपारी एखादा पिक्चर लावायचा आणि रविवारी त्याच्या गच्चीवर पोरांना बसवून पाढे आणि कोडी विचारायचा. एका भागात मी होतो. सतराचा पाढा अडखळलो होतो. तेवढंच परत बघायचं होतं, शिवाय त्यात गर्दीत मागे उभी असलेली माझी आईही दिसली असती. आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली.

बंडूभाऊ आता वायफायचा धंदा करतो. मी बरेच महिने मागे लागलो, तेव्हा कुठे त्याने माळ्यावरून कॅसेटींचं पोतं काढून दिलं. "घेऊन जा प्रशांत, माह्या बायकोचे शिव्याशाप तरी थांबतीन." जाहिरात देणाऱ्या दुकानदारांना दाखवायला तो मधूनमधून आपलंच चॅनल रेकॉर्ड करून ठेवायचा. त्याच या कॅसेटी. बऱ्याच बुरशी लागलेल्या. मी एकेक उघडून साफ केली, जुना व्हीसीआर दुरुस्त करून घेतला आणि सुट्टीच्या दिवशी कॉम्प्युटरवर उतरवत बसलो.

त्या दिवशी सकाळचीच वेळ होती. सुजाता, माझी बायको, शेजारी मेथी निवडत बसली होती. स्क्रीनवर एक मारामारीचा पिक्चर आणि खाली सरकती पट्टी... साड्यांचा सेल, शिकवणी वर्ग, आटाचक्की विकणे आहे. असलं काही दिसलं की मला फार मजा वाटते. तेवढ्यात पुढची पट्टी आली.

"हरवले आहेत." मग बाबांचं नाव. नुसतं दयाराम नाही, आजोबांच्या नावासकट आणि आडनावासकट पूर्ण. "वय ७२. राहणार हुडकेश्वर. अंगात पोपटी शर्ट. भिवापूर स्टँडवर बसून आहेत. संपर्क..." आणि पुढे नंबर.

सुजाताच्या हातातली जुडी तशीच राहिली. "अहो, हा तर तुमचाच नंबर आहे ना?"

होता. माझ्या मोबाईलचा. पूर्ण दहा आकडी.

कॅसेट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या आसपासची असणार, कारण आमच्याकडे बंडूभाऊचं चॅनल त्याच सुमारास चालायचं. तेव्हा बाबा पंचेचाळिशीचे होते. आमच्या गल्लीत मोबाईल कुणी पाहिलेलाही नव्हता. मी पट्टी मागे नेऊन चार वेळा पाहिली. मग कुणीतरी चेष्टा केली असणार असं धरून सरळ बंडूभाऊकडे गेलो. मोबाईलवर काढलेला तुकडा त्याला दाखवला.

त्याने चष्मा लावून पाहिलं. हसला नाही.

"हे माह्यं नाही गा."

"तुझ्याच पोत्यातली कॅसेट आहे भाऊ."

"कॅसेट माह्यी असंन. पट्टी माह्यी नाही. माह्या मशीनवर मराठी अक्षरं होती कुठी? समदं मी इंग्रजी अक्षरांत लिहीत होतो. बाकीच्या पट्ट्या पाह्य ना तू."

घरी येऊन पाहिल्या. साड्या, शिकवणी, आटाचक्की... सगळं मराठी, पण इंग्रजी अक्षरांत. देवनागरीत फक्त ती एकच.

बाबांना आम्ही काही सांगितलं नाही. एक तर ते म्हणाले असते, "हे कोणी पाह्यलं, नाव सांग." आणि दुसरं कारण असं की त्यांची तब्येत. वर्षभरात त्यांचं विसरणं वाढलं होतं. दूध गॅसवर ठेवून फिरायला जायचे. मला कधीकधी त्यांच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि एकटं बाहेर सोडू नका म्हणून सांगितलं होतं. आणि हो... बहात्तर त्यांना नुकतंच लागलं होतं.

मी त्यांचं कपाट उघडून पाहिलं. पांढरे, आकाशी, एक चौकड्यांचा. पोपटी नव्हता. खोटं कशाला सांगू, मला मोठा दिलासा वाटला. तरी आम्ही त्यांच्या खिशात नाव-पत्ता लिहिलेली चिठ्ठी ठेवू लागलो, फाटकाला आतून कडी बसवली. काही आठवडे गेले, काही झालं नाही. भीती हळूहळू उतरली. ग्रुपवर मी तो तुकडा टाकला तर सगळ्यांनी एकच सांगितलं, कॉम्प्युटरवर बनवलंय. मीही वाद घातला नाही.

फेब्रुवारीत एक दिवस मी फर्स्ट शिफ्टला होतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी सुजाताचा फोन आला. ती रडत नव्हती, पण आवाज फाटला होता.

"बाबा घरी नाहीत. मी गच्चीवर कपडे वाळू घालून राहिली होती. खाली आली तर फाटक उघडं. सगळ्या गल्ल्या पाहून झाल्या. माझा भाऊ चौकीत चाललाय."

"अंगात काय होतं?"

ती पुन्हा गल्ल्यांचीच नावं सांगू लागली.

"सुजाता, अंगात काय होतं त्यांच्या?"

"भावाच्या पोरीच्या बारशाला माझ्या माहेरहून त्यांना शर्टपीस मिळाला होता ना... काल टेलरकडून आणला. सकाळी त्यांनीच हट्टानं घातला, चिठ्ठी जुन्याच शर्टात राहिली. मी आपली कामात... अहो, मला आत्ता लक्षात आलं. पोपटीच आहे तो."

मी गेट पास घेतला आणि मोटारसायकल काढली. सगळं घर मानेवाडा, उमरेड रोड, बुद्धविहार असं पालथं घालत होतं. मेव्हणा फोनवर ओरडला, "जिजाजी, तुम्ही तिकडे काहून चालले? बहात्तर वर्षांचा माणूस भिवापूरला कसा जाईन एकटा?" त्याचं बरोबरच होतं. बाबा इथेच कुठे नाल्याकाठी पडलेले असले आणि मी सत्तर किलोमीटर लांब गेलो असलो तर... हे मला रस्ताभर खात होतं. उमरेडला पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा परत फिरायचं मनात आलं होतं. खरंच आलं होतं. पण पट्टीतलं सगळं जुळलं होतं, फक्त एक जागा तपासायची राहिली होती. मी तपासल्याशिवाय सोडत नाही, बस एवढंच.

भिवापूर जवळ आलं तशी वाळत घातलेल्या मिरच्यांची धार नाकात शिरली. स्टँडवर गाडी उभी केली. हेल्मेट काढतानाच मला तो रंग दिसला.

बाबा शेवटच्या बाकावर बसले होते. ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. बाजूला कुणीतरी दिलेला चहाचा रिकामा कप. ऊन त्यांच्या पायांपर्यंत आलं होतं. मी समोर जाऊन उभा राहिलो तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दहा मिनिटांसाठी कुठे गेलो होतो.

"आला का गा तू? बस."

मी बसलो. आधी सुजाताला फोन केला. ती "मिळाले?" एवढंच बोलू शकली. मग मी बाबांना विचारलं, "बाबा, तुम्ही इथं काहून आले?"

"तुह्या मायनं धाडलं ना." ते स्टँडवर येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघतच बोलत होते. "टीव्हीवर पट्टी आली होती. तिनंच वाचून दाखवली मले. माह्याच नावाचा माणूस आहे म्हणे, हरवला. भिवापूरले बसून आहे. मी हासलो. म्हटलं, मी तर इथं बसलो तुह्यापुढं."

मी बाजूचा रिकामा कप उचलून खाली ठेवला.

"ती म्हणे, हासता काय? त्याच्या घरचे वाट पाहून राहिले असतीन. समोरच्यांच्या घरी जाऊन फोन लावून आली ती. नंबरच केवढा लंबा! लागला नाही. मंग म्हणे, तुमची नोकरी होती तिथं, वळख आहे तुमची. जाऊन या ना."

"मग तुम्ही आले होते? तेव्हा?"

"आलो होतो ना. दिवसभर बसलो याच बाकावर. कोणी भेटलं नाही. लास्ट गाडीनं वापस गेलो." मग माझ्याकडे वळून अगदी समजावल्यासारखं म्हणाले, "आज म्हटलं अजून पाहून घेऊ. पोपटी शर्टवाला आहे म्हणे."

स्वतःच्या अंगातल्या शर्टकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

त्यांना मोटारसायकलवर मागे बसवायची हिंमत झाली नाही. गाडी तिथल्या एका किराणा दुकानदाराकडे ठेवली आणि आम्ही एसटीने परतलो. बाबा खिडकीशी झोपले. मी त्यांचं मनगट उमरेड येईपर्यंत सोडलं नाही.

नंतर मी समोरच्या काकूंना विचारलं. त्यांच्याकडेच तेव्हा गल्लीतला एकमेव फोन होता. त्यांना बाकी काही आठवत नव्हतं, पण आई एकदा फोन लावायला आली होती आणि पुन्हा पुन्हा आकडे फिरवत होती, हे त्यांच्या लक्षात होतं. "मी म्हटलं, वं बाई, एवढा मोठा नंबर राह्यते का कुठी?" म्हणजे बाबांच्या आजारी डोक्यातून निघालेली ही गोष्ट नाही. पट्टी तेव्हा लागली होती. आमच्या घरात दिसली होती. बंडूभाऊने गल्लीत इतरांना विचारून पाहिलं, दुसऱ्या कुणाला ती आठवत नाही.

कॅसेट माझ्याजवळ आहे, पट्टी अजून तशीच आहे. ती कुणी लिहिली मला माहीत नाही. ती पट्टी नसती तर बाबा भिवापूरला गेलेच नसते, आणि ती नसती तर ते मला सापडलेही नसते... या दोन वाक्यांपुढे माझी बुद्धी जात नाही. सुजाता म्हणते, सापडले ना, मग पुरे. 'पाटी-पेन्सिल'चा तो भाग मात्र पोत्यातल्या एकाही कॅसेटमध्ये निघाला नाही.

बाबांचं विसरणं आता बरंच पुढे गेलंय. माझं नाव त्यांना क्वचितच आठवतं. पण दुपारी अंगणात खुर्ची टाकून बसले असले की मधूनच मला बोलावतात आणि काळजीने विचारतात, "त्या माणसाचं काय झालं गा? भिवापूरवाल्याचं? आले का त्याच्या घरचे?"

मी सांगतो, "आले बाबा. घेऊन गेले त्याले घरी."

"बरं झालं," ते म्हणतात. "तुह्या मायले सांगून दे."