डावीकडे फिरवलं की बंद

उतारावरच्या त्या घरात चौदा पाट्या होत्या. तळहाताएवढ्या, लाकडाच्या, आणि प्रत्येकीवर पाहुण्यांसाठी एक सूचना, रंगाने कोरल्यासारख्या वळणदार अक्षरात. ते अक्षर घरमालकिणीच्या नवऱ्याचं. तो शाळेत चित्रकला शिकवायचा, त्यामुळे सगळं गाव त्याला मास्तर म्हणायचं. चारचौघांत तीही त्याला मास्तरच म्हणायची. पुढे पुढे घरातही तेच तोंडात बसलं.

घर दोघांनी मिळून बांधलं होतं. भिंती मातीच्या. दारं-खिडक्या पाडलेल्या घरांमधून आणलेल्या. छपरावरचं पावसाचं पाणी मागच्या मोठ्या टाकीत साठायचं आणि तेच वर्षभर पुरवायचं. आंघोळीचं पाणी उन्हावर तापायचं, भांड्यांचं पाणी केळींना जायचं, आणि संडासात पाण्याऐवजी लाकडाचा भुसा टाकायचा. शहरातली माणसं चार-आठ दिवस भाड्याने राहायला यायची आणि जाताना "किती शांत आहे हो इथे!" म्हणायची. मागच्या बाजूला एक खोली आणि स्वयंपाकघर होतं. तिथे मास्तर आणि ती राहायची.

पाट्यांचा मास्तरांना भारी अभिमान. "पाहुण्याला कोणाला काही विचारायची वेळच येता कामा नये," असं ते म्हणायचे. झालंही तसंच. किल्ली उपड्या कुंडीखाली असायची. पाहुणे यायचे, पाट्या वाचायचे, राहायचे आणि किल्ली पुन्हा कुंडीखाली ठेवून जायचे. मास्तर होते तोवर तिला त्याचं काही वाटलं नाही. संध्याकाळी दोघं मागच्या पायरीवर बसून पाहुण्यांवर बोलायची, हसायची. मास्तर गेले आणि पायरीवर ती एकटी उरली. भिंतीपलीकडून बादलीचा आवाज यायचा, कोणाचं तरी हसू यायचं. माणसं निघून गेली की चादरी धुताना त्यांची ओळख व्हायची. कोणाचा एक मोजा सापडे, कोणाची केसांची पिन, कोणाचा अर्धा झिजलेला साबण.

पहिली पाटी आपणहून पडली. भुशाची. खिळा गंजून गेला होता. त्याच दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. दारात एक नवी नवरी, कानापर्यंत लाल झालेली.

"काकू, ते... कसं सांगू... तिथे साखळी कुठे आहे?"

"साखळी नाही गं बाई, भुसा आहे. दोन मुठी टाकायचा आणि झाकण लावायचं."

"आणि मग?"

"मग काय, सहा महिन्यांनी त्याचं खत. ही फुलं बघतेस ना? मागच्या वर्षीच्या पाहुण्यांची कृपा."

पोरगी हसून हसून पायरीवरच बसली. पंधरा-वीस मिनिटं बसली. सासूचं सांगितलं, नोकरीचं सांगितलं. पोरगी गेल्यावर तिला वाटलं, पाटी आता पुन्हा लावायला हवी. पण खिळा काही मिळेना, असं तिने स्वतःला सांगितलं. खिळ्यांचा डबा डोळ्यांसमोर होता.

नंतर तिने ऊन-पाण्याच्या नळाची पाटी काढली. मग चुलीची, मग कचऱ्याच्या तीन बादल्यांची. चारही पाट्या तिने पिठाच्या मोठ्या डब्यात घालून ठेवल्या, कारण तिथे कोणी हात घालत नाही. कड्या वाजू लागल्या. पण लागोपाठ तीन पाहुणे असे आले, की त्यांना सगळंच आधीपासून माहीत. मग एका सकाळी तिने टाकीजवळची पाटीही उतरवली.

ही पाटी बाकीच्यांसारखी नव्हती. टाकीतून बागेला पाणी सोडायचा कॉक मास्तरांनी भंगारातून आणला होता. नवीन काही विकत घ्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट. तो बसवताना उलटा बसला. जग उजवीकडे फिरवून बंद करतं, हा डावीकडे फिरवून बंद व्हायचा. काढून पुन्हा बसवण्याऐवजी मास्तरांनी पाटी रंगवली: "हा कॉक उलटा आहे. डावीकडे फिरवलं की बंद." वर एक छोटा बाण. तिला हे पाठ होतं. पण कॉकला हात लावण्याआधी पाहुणा विचारेलच, असं म्हणून तिने ती पाटीही पिठात खुपसली.

त्यानंतर आठ दिवसांसाठी घड्याळवाला आला. साठीचा माणूस. नजर कमी झाली म्हणून चाळीस वर्षांचं दुकान बंद केलेलं. एक पिशवी, एक छत्री आणि जेमतेम एक नमस्कार. पाच पाट्या गायब, तरी चार दिवस त्याला काही अडलं नाही! तिने दोरीवर नको तेवढे पंचे वाळत घातले, केस नीट विंचरून त्याच्या खिडकीसमोरून दोनदा गेली. तो अदबीने दुसरीकडे तोंड करून बसायचा. खिडकीची करकरणारी कडी मात्र त्याने न सांगता दुरुस्त केली. ती मनातून चिडली. असा कसा हा माणूस, याला काही विचारायचंच नाही?

पाचव्या दिवशी सकाळी तिने चहासाठी नळ सोडला. नळाने दोनदा खाकरल्यासारखं केलं आणि गप्प झाला.

ती टाकीकडे धावली. वरपासून खालपर्यंत बोटांनी ठोकत गेली. सगळीकडून रिकामा आवाज. खालून बागेकडे जाणारा नळ जमिनीतून होता, त्यामुळे आवाज झाला नसणार. बाग तेवढी चिंब झाली होती, केळींच्या मुळाशी चिखल. पुन्हा पाऊस यायला साडेतीन महिने होते.

"बाई, काय झालं?" घड्याळवाला मागे येऊन उभा होता.

"टाकी रिकामी झाली."

"असं कसं? काल संध्याकाळी इथे थेंब थेंब गळत होतं. तुमचं पाणी वाया जातंय म्हणून मीच कॉक घट्ट केला."

"कुठल्या बाजूला?"

"उजवीकडे. कॉक उजवीकडेच..." तो बोलता बोलता थांबला. त्याने कॉककडे पाहिलं, मग चिखलाकडे. त्याचा चेहरा उतरत गेला. "उलटा आहे का हा? चाळीस वर्षं काट्याएवढे स्क्रू फिरवले मी, आणि एक साधा कॉक कळला नाही!"

टाकीशेजारच्या खांबावर, पाटी होती त्या जागी, लाकडाचा फिकट चौकोन उमटला होता. चौकोन झाकेल अशी पाठ लावून ती उभी राहिली.

त्याने दोन बादल्या उचलल्या आणि खालच्या झऱ्यावर गेला. येताना दहा मिनिटांचा चढ. सहा खेपा घातल्या. पिंप अर्धं भरलं. बूट भिजले, श्वास लागला, तरी प्रत्येक खेपेला "माफ करा हं बाई" म्हणत होता. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. आणि तिथे उभं राहूनच तिला पुढचं सगळं दिसत होतं. पाण्याशिवाय पाहुणे कसले? घर बंद ठेवावं लागणार. आणि विचारलं कोणी, तर सांगायला उत्तर तयार: एका पाहुण्याने कॉक फिरवला. खोटं एक अक्षर नाही त्यात.

सहाव्या खेपेनंतर तो पिशवी भरूनच दारात आला. "दुपारच्या बसने निघतो. आहे तेवढं पाणी तुम्हाला राहू दे. आणि नुकसानीचं काय ते सांगा."

"थांबा," ती म्हणाली आणि आत गेली. कोपरापर्यंत हात पिठात घालून तिने पाटी बाहेर काढली आणि त्याच्यापुढे धरली.

त्याने डोळ्यांजवळ नेऊन वाचली. बराच वेळ वाचली.

"अक्षर सुरेख आहे."

"आमच्या मास्तरांचं."

"पडली होती का?"

हो म्हणायचं आणि सुटायचं. सुटकेचं दार त्यानेच उघडं ठेवलं होतं.

"नाही. मी काढली. अजून चार आहेत डब्यात."

"का?"

"पाट्या असल्या की कोणी विचारायला येत नाही."

तो पाटीवरचं पीठ फुंकरीने उडवत राहिला. मग म्हणाला, "ते ऊन-पाण्याचं मला शेवटपर्यंत कळलं नाही. चारही दिवस गार पाण्याने आंघोळ केली."

"अहो, मग विचारायचं ना! कडी काय कोणाला चावते?"

"दोनदा आलो होतो दारापर्यंत. आत बोलण्याचा आवाज येत होता. म्हटलं, घरात माणसं आहेत, आपण कशाला मध्ये जा."

"रेडिओ आहे तो," ती म्हणाली. "दिवसभर लावलेला असतो." आणि तिला हसू आलं, आणि ते हसू धड पुरंही झालं नाही.

त्याच्या खेपांमधल्या पाण्याचा तिने चहा केला. मास्तर गेल्यापासून त्या स्वयंपाकघरात दुसरा कप निघाला नव्हता. तो विसळावा लागला. दोघं पायरीवर बसली. तो दुकानाबद्दल थोडं बोलला, ती मास्तरांबद्दल थोडं. मग त्याने हातोडी मागितली, फिकट चौकोनावर पाटी बरोबर बसवली आणि कॉक डावीकडे फिरवून बंद केला. टाकीत काही नव्हतं, तरी.

"राहा ना अजून," असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण कशावर राहणार? अर्ध्या पिंपावर? बस वळणावर दिसली. तो छत्री विसरला नाही.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. दर रविवारी यायचा, आणि दर रविवारी ती सांगायची, "मला कुठे सवड आहे गं, घरात सतत माणसं!"

"आई, आज एवढं शांत कसं? मागे कोणी बोलत नाहीये."

"रेडिओ बंद केला."

"म्हणजे?"

"म्हणजे तो रेडिओच असायचा." तिने टाकीचं सांगितलं. घड्याळवाल्याचं सांगितलं, आणि पिठाच्या डब्याचंही. न थांबता सांगितलं. "आता साडेतीन महिने कोणी येणार नाही."

पलीकडे मुलीच्या घरातली भांडी, कोणाची तरी हाक, दार लागल्याचा आवाज, सगळं फोनमधून येत होतं.

"आई, मी नंतर करू का निवांत? जेवणं चालली आहेत इथे."

"कर की," ती सवयीने म्हणाली. मग घाईघाईने, "नाही, थांब. तू काही बोलू नकोस. फोन चालूच राहू दे, नुसता बाजूला ठेव, तुमची जेवणं होईपर्यंत."