चूक कुणाच्या पोटातली

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत उंदरिणींच्या अंडपेशींवर काम करते. आंबी गावात आमच्या घरी हे कुणाच्याच पचनी पडलेलं नाही. वडील पाहुण्यांना कौतुकानं सांगतात, "पोरगी अंड्यांचं शिकलीय," आणि पाहुणे मला कोंबड्यांच्या रोगांवर औषध विचारतात. एका चुलत्यांना पोल्ट्री टाकायची होती. त्यातलं मला काही कळत नाही म्हटल्यावर ते तोंडावर म्हणाले, "मग इतकं शिकून केलं काय?"

माझा मोठा भाऊ आंबीच्याच एमआयडीसीत नोकरीला आहे, वहिनी गुलाबाच्या पॉलिहाउसमध्ये फुलांची प्रतवारी करते. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. नवस झाले, काढे झाले, शेवटी दवाखाना झाला. भावाचा रिपोर्ट चांगला आला, तेव्हा बोर्डात पहिला आल्यासारखा तो आठवडाभर गावातून फिरत होता. वहिनीची मात्र दोनदा स्त्रीबीजं काढली आणि दोन्ही वेळा ती पिकलीच नाहीत. का, ते डॉक्टरांना सांगता आलं नाही. घरातल्यांना मात्र लगेच कळलं: दोष तिचा.

लोणावळ्याच्या आत्याकडे सुनेचं डोहाळजेवण होतं. आत्याचा बंगला शनिवार-रविवारी पर्यटकांना भाड्यानं जातो, त्यामुळे झोपाळा पोहण्याच्या टाकीच्या काठावर बांधला होता. सुनेच्या गळ्यात फुलांचे दागिने, हातात धनुष्यबाण, समोर फोटोग्राफर. बायका ओटी भरायला पुढे सरकल्या, तशी वहिनीही उठली. आत्या गोड आवाजात म्हणाली, "तू राहू दे गं. तू जरा आत ताटांचं बघ."

वहिनी आत जायला वळली. मला राहवलं नाही.

"आत्या, तिला आत का पाठवतेस?"

"अगं, रीत असते एकेक," आत्या म्हणाली. "आणि तू एवढी अंड्यांवर संशोधन करतेस, तर तूच सांग ना हिचं काय बिघडलंय."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी म्हटलं, बाईची बीजं ती वयात आल्यावर तयार होत नाहीत, ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. प्रत्येक बीज पुढं लागणारे निरोप आधीच साठवून ठेवतं, त्या निरोपांना आरएनए म्हणतात. काही प्रथिनं त्या निरोपांना धरून गप्प बसवतात आणि वेळ आली की सोडतात. उंदरिणीत यातलं एखादं प्रथिन नसलं, तर बीज दिसायला छान असतं पण पुढं सरकत नाही. आणि गर्भ राहिला, तरी सुरुवातीचा सगळा कारभार आईच्या या साठ्यावरच चालतो. ज्या बापाच्या वंशासाठी तुम्ही एवढा जीव टाकता, त्याची जनुकं तेव्हा झोपलेली असतात.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम टाकलं होतं. ते कुणी ऐकलंच नाही.

आत्या विचारात पडली आणि मग तिचा चेहरा उजळला. "म्हणजे ही आईच्या पोटात होती तेव्हाच बिघडलंय! चूक हिच्या आईची!"

"तसं नाही म्हटलं मी..."

पण आत्यानं फोन काढला होता. वहिनीच्या आईला, गडाखालच्या तिकोणा पेठ गावी, सगळ्यांच्या देखत, स्पीकर लावून. "अहो विहीणबाई, आमची पोरगी शास्त्रज्ञ आहे, ती सांगतेय. हिच्या वेळेला तुम्ही काय खाल्लंत, काय केलंत?"

आता त्या चार शिव्या देतील असं मला वाटलं. मी वाटच बघत होते. पण त्या हळूच म्हणाल्या, "हिच्या येळी भातलावणीला वाकत हुते मी, पार सातव्या म्हयन्यापातुर. त्यानं झालं आसंल व्हय?"

वहिनीनं आत्याच्या हातून फोन घेतला. "आये, तुज्यामुळं काय बी झालेलं न्हाई. ठिवते मी." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "वन्सं, तुमची उंदरीण नापास झाली, तर तुमी तिच्या आईला फोन लावता का?"

बायका हसल्या. फोटोग्राफरही हसला. मी नाही हसले.

परत येताना गाडीत भाऊ वहिनीला म्हणाला, "आत्याचं काय मनावर घेतेस!" हे सगळं घडलं तेव्हा तो बाहेर पुरुषांच्या पंगतीत जिलबी खात होता. वहिनीनं गाडी थांबवायला लावली. "हितनं सरळ घरी न्हाई जायचं. आईकडं चला."

पवनेच्या काठानं आम्ही पेठेत पोचलो. वहिनीच्या आई, ज्यांना मी मावशी म्हणते, ओट्यावर बसून होत्या. मला बघून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, शाळेतल्या बाईंसमोर करावा तसा. "ताई, खरं सांगा. वाकल्यानं झालं का?"

"नाही मावशी. लावणी करणाऱ्या लाखो बायकांना लेकी झाल्या, त्या लेकींनाही मुलं झाली."

"मंग कशानं?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. आंबीच्या घरापासून पुण्याच्या प्रयोगशाळेपर्यंत हे वाक्य मी इतक्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. "उंदरिणीचं थोडं कळलंय. माणसाचं फार थोडं. वहिनीचं काहीच नाही."

मावशींना ते एकदम पटलं. आत्याला आणि आमच्या घरात कुणालाच जे बोलता आलं नव्हतं, ते ऐकून त्यांच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. त्या चहा टाकायला आत गेल्या आणि भाऊ, जो आयुष्यात कधी स्वयंपाकघरात गेला नव्हता, त्यांच्या मागोमाग कप धुवायला गेला. एक कप फोडलाही त्यानं.

तिसऱ्यांदा बीजं काढायची नाहीत, हे वहिनीनं त्याच ओट्यावर सांगितलं. भावानं "माझ्या आईला काय सांगू?" असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या रिपोर्टाचं जेवढ्या मोठ्यानं गावभर सांगितलंत, तेवढ्याच मोठ्यानं ह्ये सांगा." त्यानं सांगितलं. आई दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी तिनं पिठलं मागितलं.

पुढं दोघांनी दत्तक मुलासाठी नाव नोंदवलं. आत्याला कळलं तेव्हा तिनं मला फोन केला आणि आवाज खाली आणून विचारलं, "कुणाच्या पोटचं येईल, ते तुझ्या मशिनीत आधी कळतं का गं?"

मी म्हटलं, "आत्या, आमच्याकडे फक्त उंदीर असतात."

"मग काय उपयोग," असं म्हणून तिनं फोन ठेवला. वहिनी शेजारीच भाजी निवडत होती. तिनं विचारलंही नाही कुणाचा फोन होता. पाळणा कुठल्या खोलीत बसेल, याचं तिचं आणि भावाचं भांडण चालू होतं.