डाव्या बाजूचा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणाऱ्या माणसाला किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही. शिकणाऱ्यानं क्लच सोडला की ते आपोआप उडी मारून समोर येतात! देवळाली प्रवरात नानांच्या स्कूलमध्ये मी गाडी शिकवते. सगळे मला शबानामॅडम म्हणतात. इतकी माणसं शेजारी बसून गेलीत, की आता मी छातीठोकपणे सांगते, ज्याला ओळखायचंय त्याला स्टिअरिंगवर बसवा. पत्रिका-बित्रिका राहू द्या बाजूला!

आमचे गुरुजीच घ्या. रिटायर झाल्यावर गाडी शिकायला आले. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. रस्त्यात कुणीही "नमस्कार गुरुजी!" म्हणालं, की गुरुजी स्टिअरिंग सोडून दोन्ही हात जोडणार!

"गुरुजी, हात!" मी ओरडायची.

"अगं, एका हातानं नमस्कार कसा करायचा? समोरच्याला काय वाटेल?"

मी त्यांना नुसती मान हलवायला शिकवलं. झालं! गावभर बोभाटा, 'गुरुजींनी गाडी घेतली आणि भाव खायला लागले.' बिचारे तोंड पाडून माझ्याकडे आले. शेवटी तोड त्यांनीच काढली. आता ते प्रत्येक नमस्काराला हॉर्न देतात! बाजाराच्या दिवशी गुरुजी निघाले की कानात बोटं घालायची वेळ येते, पण कुणाची तक्रार नाही.

लोक माझ्याकडे स्थळांची चौकशी करायला येतात, खोटं नाही सांगत! भिंगारहून एक गृहस्थ आले होते. त्यांच्या मुलीला आमच्याकडे शिकलेल्या मुलाचं स्थळ सांगून आलं होतं.

"मॅडम, पोरगा स्वभावानं कसाय?"

"चढावर गाडी बंद पडली की हसतो."

"म्हणजे, डोक्यानं जरा...?"

"अहो, बाकीचे गाडी बंद पडली की आधी माझ्यावर खेकसतात! हा हसतो आणि परत चालू करतो. डोळे झाकून मुलगी द्या."

दिली. वरातीची सजवलेली गाडी नवरदेव हौसेनं स्वतःच चालवत होता, आणि ती ऐन कार्यालयाच्या दारात बंद पडली. सगळं वऱ्हाड टकामका बघतंय, आणि ही दोघं आत बसून खो खो हसतायत! मुलीच्या वडिलांनी मला लांबूनच हात जोडले.

दोन जावांची तर वेगळीच तऱ्हा. एका घरात राहून कैक वर्षांचा अबोला, आणि नशिबानं बॅच एकच मिळाली. धाकटी चालवत होती, थोरली मागे तोंड फिरवून बसलेली. धाकटीनं आरसा न बघताच गाडी वळवायला घेतली, आणि मागून किंकाळी आली, "अगं ए बये, टेम्पो!"

तिथून ज्या सुटल्या दोघी, की मला मध्ये बोलायला जागा मिळेना! कोर्स संपताना मी विचारलं, "मिटलं ना मग एकदाचं?"

"छ्या! घरी न्हाई बोलत आमी," थोरली म्हणाली. "गाडीतच बोलतो."

आता दोघी भाजी आणायला म्हणून गाडी काढतात. मेथीच्या एका जुडीला सकाळ जाते.

आता नानांकडे येते. नाना आमचे मालक. तोंडानं फटकळ, पण जीव लावणारे. जीव किती लावतात, तर शिकणाऱ्याचा पाय हलायच्या आत हेच ब्रेक दाबतात! स्कूलच्या गाडीला डावीकडे, शिकवणाऱ्याच्या पायाशी, एक जादा ब्रेक असतो. नानांचा पाय तिथून कधी उचललाच जात नाही. त्यांच्याकडे भाऊसाहेब म्हणून एक ऊसवाले शेतकरी शिकले. टेस्टच्या दिवशी आरटीओच्या साहेबांनी सांगितलं, "त्या ड्रमपाशी थांबवा." भाऊसाहेब ऐटीत गेले आणि ड्रम आडवा करून पुढे निघाले!

साहेब लालबुंद. "अहो, ब्रेक का नाही दाबला?"

"साहेब, रोज आपसूक थांबायची की वो!"

त्या दिवसापासून माझी पद्धत ठरली. शिकणारा मैदानात नीट थांबायला लागला, की मी चपला काढते आणि सीटवर चक्क मांडी घालून बसते. म्हणजे त्याला कळतं, आता ब्रेक त्याचा. नाना भडकले. "ही काय पंगत हाय का?" खरं तर नानांचे गुडघे इतके धरलेत, की ते खऱ्या पंगतीतसुद्धा खुर्ची मागतात.

"नाना, टेस्टला तुमची माणसं जास्त पास होतात का माझी?"

नाना चहा प्यायला निघून गेले.

आणि या नानांची बायको म्हणजे विमलमावशी. त्यांचं माहेर पुणतांब्याचं. आई थकलेली, नजर दिवसेंदिवस जात चाललेली. डॉक्टरांनी सांगून टाकलेलं, आता इलाज नाही. म्हातारी फोनवर एकच म्हणायची, "विमल, दिसतंय तवर तुजं तोंड बगू दे." मावशी एसटीनं निघाल्या की नाना आडवे यायचे. "एकटी नको जाऊ. रविवारी मी सोडतो." आणि रविवारी तर आमच्याकडे गर्दी! तो रविवार काही उगवायचाच नाही.

एक दिवस मावशी ऑफिसात येऊन म्हणाल्या, "शबाना, मला गाडी शिकव."

"माज्याकडं शीक की!" नाना म्हणाले.

"तुमच्याकडं ब्रेक तुमचा असतो," मावशी म्हणाल्या, आणि माझ्या गाडीत जाऊन बसल्या.

पहिल्याच टेस्टला पास! तरी नानांचं चालूच. मोठ्या रस्त्याला नको, उसाचे ट्रॅक्टर असतात, पुढच्या रविवारी बघू. मग परवा सकाळी म्हातारीचा फोन आला. "विमल, आज समोरची तुळस दिसंना गं."

मावशींनी घरच्या गाडीची किल्ली उचलली. "मी निघाले. यायचं तर या."

नाना एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन गाडीमागे धावले! पण घरच्या गाडीला डावीकडे कुठला आलाय ब्रेक? श्रीरामपूर यायच्या आत मला नानांचा फोन.

"शबाना, हिला सांग हळू चालव!"

"फोन स्पीकरवर टाका. मावशी, स्पीड किती?"

"चाळीस हाय गं! बैलगाडीवाला मागनं हॉर्न द्यायचा राहिलाय!"

"पाय दुखायला लागला माजा," नाना कळवळून म्हणाले. सारखा खालच्या पत्र्यावर दाबत होते ना!

पुढचं मावशींनी नंतर सांगितलं. म्हातारी अंगणात बसली होती. गाडीचा आवाज ऐकून म्हणाली, "जावई आले का?"

"आई, गाडी मी चालवत आणली."

"तू?" म्हातारी काठी टेकत उठली. "मग उतरू नको! मागं घे, आन परत आण. मला बगू दे."

मावशींनी गाडी मागे घेतली, परत पुढे आणली. म्हातारी डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून गाडीच्या पार जवळ आली आणि म्हणाली, "आजून एकदा." हे सांगताना मावशी रडल्या, आणि मीही रडले.

त्याच संध्याकाळी मी ऑफिसचं शटर ओढत होते, तेवढ्यात गाडी आली. मावशींनी बरोबर दारासमोर थांबवली, धक्का नाही की काही नाही. मी डाव्या खिडकीतून आत डोकावले. नानांच्या चपला खाली काढून ठेवलेल्या, आणि नाना सीटवर मांडी घालून बसलेले!

"नाना! गुडघे?"

"गप ए," नाना म्हणाले. "तिला समोर बघू दे."