शेरू पिंजऱ्यात शिरतो

आमचा कुत्रा शेरू दहीभातासाठी पिंजऱ्यात तोंड घालतो, पण मागचे दोन पाय बाहेरच ठेवतो. तीन आठवडे हेच चाललंय. ताईची बदली गुवाहाटीला झाली आणि परवा तिचं नि शेरूचं विमान आहे. पिंजऱ्याचं दार लावल्यावर शेरू शांत बसला नाही, तर त्याला चढवून घेणार नाहीत. गुंगीचं औषध द्यायला डॉक्टरांनी साफ नकार दिलाय. माझ्या भाड्याच्या खोलीत कुत्रा चालत नाही, नाहीतर मीच ठेवून घेतला असता.

"अजून थोडा आत सरकव भात," ताई म्हणते. मी सरकवते आणि स्वतःचीच चीड येते. माणसांना असंच कोंडतात, एकदम नाही, घासाघासाने, त्यांची भूक बघून, हे मी आमच्या संघटनेच्या किती पत्रकांत लिहिलं! आता तेच करतेय, वर लाडात "शहाणं माझं बाळ ते" म्हणत.

आज शेरूने मागचा एक पाय आत घेतला, मग दुसरा. अंग थरथरत होतं, तरी माझ्याकडे बघून त्याने शेपटी हलवली.

"अगं, लाव ना दार! बघत काय बसलीस?"

मी कडी लावली. तो भुंकला नाही. एकदा तरी भुंकायला हवं होतं त्याने.